नाममुद्रा, यंत्र आणि प्रतिभा

टी-शर्ट, चहाचा मग किंवा पिशवी यांवर छापावयाची नाममुद्रा हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. परंतु अशी मुद्रा हे एक विधानच असते आणि आज असली विधाने कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे क्षणार्धात रचून देतात. तेव्हा मानवी सर्जनशीलतेचे वेगळेपण नेमके कोठे आहे, हा प्रश्न केवळ विक्रेत्यांचा राहत नाही. एका सुपरिचित उदाहरणावरून त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

१९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. पुढे राज्याच्या पर्यटनप्रचारासाठी मिल्टन ग्लेझर यांनी केलेले एक चिन्ह मान्यही झाले. तथापि त्यांचे समाधान झाले नाही. टॅक्सीत बसले असता त्यांनी एका लिफाफ्यावर लाल खडूने नवी आकृती काढली आणि मान्य झालेले चिन्ह बदलण्यास संबंधितांस राजी केले. ‘मी’ या अर्थाचे इंग्रजी अक्षर, हृदयाची आकृती आणि शहराच्या नावाची दोन आद्याक्षरे, एवढीच ती रचना होय.

भाषिक दृष्ट्या या रचनेत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, हृदय हे नाम येथे क्रियापदाच्या जागी बसले आहे. ‘प्रेम करणे’ या अर्थाचे हे क्रियापद ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाने २०११ साली नोंदविले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रोमन याकबसन यांनी १९५७ साली ज्या वर्गाचे विवेचन केले, त्या वक्त्यागणिक निर्देश बदलणाऱ्या शब्दांपैकी ‘मी’ हा एक. टी-शर्ट जो घालील, तो या वाक्याचा वक्ता होतो. वस्तू विकली जाते ती या वक्तेपणामुळे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, हृदयाची आकृती व अक्षरे ही दोन्ही जुनीच होती आणि जुन्या घटकांची नवी जुळणी तर यंत्रही करते. आक्षेप बिनतोड नसला तरी दुर्लक्षणीय नाही. असंख्य चित्रे व त्यांची वर्णने यांवरून ही यंत्रे शब्द आणि आकृती यांचे संबंध शिकतात व मागणीनुरूप शंभर पर्याय पुढे ठेवतात. २०२२ साली सर्वांच्या हाती आलेली यंत्रे चित्रांतील अक्षरे विद्रूप करीत. ही उणीव पुढे पुष्कळ कमी झाली. अशा उणिवांवर मानवाचे श्रेष्ठत्व उभारणे म्हणजे वाळूवर घर बांधणे होय.

मम्मटाने काव्याचे कारण सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन मिळून एकच कारण मानले आहे. त्यांतील निपुणता केवळ पूर्वसूरींच्या कृती पाहून येत नाही. तिला लोकव्यवहाराचे अवलोकनही लागते. यंत्रापाशी अभ्यास अफाट आहे, कृतींचा परिचयही आहे. परंतु ज्याची लाज, भीती किंवा ओढ वाटावी असे शहर त्यास नाही. २००१ च्या सप्टेंबरातील हल्ल्यानंतर ग्लेझर यांनी त्याच हृदयाच्या कडेला काळा डाग दिला आणि ‘पूर्वीपेक्षाही अधिक’ या अर्थाचे शब्द जोडले. असा डाग यंत्रही काढील; तो काढावा, ही निकड मात्र त्या शहरात राहणाऱ्या माणसास वाटली.

याचा अर्थ माणसाने केले ते सरस, असा नव्हे. २०२३ साली त्याच शहरासाठी माणसांनीच केलेल्या नव्या मुद्रेत ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ आले आणि तिच्यावर सडकून टीका झाली. एकटा माणूस टी-शर्ट घालून ‘आम्ही’ म्हणू लागला की तो वक्ता न राहता प्रवक्ता होतो. रचनाकारांचे येथे भान सुटले, असे आमचे मत आहे.

सारांश, यंत्र मागणी पूर्ण झाली की थांबते. ग्लेझर यांचे खरे काम मागणी पूर्ण झाल्यानंतर सुरू झाले. ‘चालेल’ असे सर्वांनी म्हटल्यावरही ‘हे नव्हे’ असे म्हणणारी असमाधानवृत्ती हे प्रतिभेचे लक्षण मानावयास हवे. शंभर पर्यायांतून पहिला बरा दिसणारा उचलण्याची सवय जडली, तर ती वृत्ती यंत्र हिरावून घेणार नाही. आपणच ती सोडून देऊ.