मद्रासचे गाव, आपली भिंत

बालपणाची चित्रे चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावण्याची हौस हल्ली मराठी घरांत पुष्कळ दिसते. कौलारू घर, विहिरीवरचा रहाट, झाडाला टांगलेला झोपाळा, पाठमोरी दोन मुले. चित्रे गोड असतात, रंगही डोळ्यांना निववणारे. तरी त्यांच्यापुढे मी फार वेळ रेंगाळत नाही. असे का, हे शोधताना मन चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये जाऊन पोचते.

तिथल्या तंबू चेट्टी रस्त्यावरच्या कालिकांबाळ मंदिरात १६७७ साली शिवाजी महाराज दर्शनाला आले होते असे सांगतात, म्हणून मराठी माणूस तिकडे वाट वाकडी करून जातो. याच वस्तीतल्या मुत्यालपेट शाळेत चित्रकार के. सी. शिवशंकरन शिकले, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात नसते. जन्म १९२४ चा. १९३४ साली खेड्यातून मद्रासला आलेला मुलगा. पुढे कलाशाळेत देवीप्रसाद रायचौधुरी प्राचार्य असताना शिक्षण झाले आणि १९५२ मध्ये ते ‘चंदामामा’ या मुलांच्या मासिकात दाखल झाले. त्याची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ निघाली तीही त्याच वर्षी. त्यांची ‘शंकर’ ही सही आपल्यापैकी कितीतरी जणांनी अक्षरओळख होता होताच वाचली असेल.

तेलुगू आणि तमिळमध्ये १९४७ साली सुरू झालेले हे मासिक पुढे अनेक भाषांत निघू लागले. भाषेप्रमाणे मजकूर बदले, चित्रे तीच राहत. त्यामुळे विदर्भातल्या मुलाने मनात जपलेले ‘आपले गाव’ खरे तर दक्षिणेचे होते. ओसरीचे लाकडी खांब, नारळीची झाडे, देवळाचे गोपूर, उघड्या अंगावर उपरणे घेतलेला म्हातारा. ते परके वाटले नाही, कारण चित्रकाराने ते गाव नीट पाहिले होते. घागर कमरेवर कशी टेकते, बैल मान कुठे वळवतो, हे शंकरांच्या रेषेला ठाऊक होते. आजच्या सजावटीच्या चित्रांतले गाव कुठलेच नसते. तिथले कौल कोकणातले की केरळातले, सांगता येत नाही. ओळखीची खूण पुसली की आठवण कशाला धरून राहणार?

दुसरी गोष्ट भीतीची. शंकरांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र विक्रम-वेताळाचे: राजाच्या खांद्यावर प्रेत, हातात तलवार, भोवती स्मशान. तेही मुलांसाठीच काढलेले. आपण पांघरुणाच्या आत ते पुन्हा पुन्हा उघडून पाहत होतो. आज भिंतीवरच्या बालपणात मात्र अंधार नाही, काम करणारी मोठी माणसे नाहीत, कुणाचा गुडघा फुटलेला नाही. निरागसता एवढी धुऊन काढली की तिच्यात मूलच उरत नाही.

गोड बाळ भिंतीवर लावणे आपल्याकडे जुनेच आहे. भोसल्यांच्या तंजावरात सोन्याचा वर्ख लावून रंगवलेला लोण्याच्या गोळ्याचा बाळकृष्ण घ्या, किंवा रघुवीर मुळगावकरांच्या तुकतुकीत कांतीच्या देवदेवता. गोडवा तिथेही ओसंडतो, पण त्या चित्रांपुढे कुणीतरी हात जोडत असे. त्या भावाने गोडव्याला वजन दिले. नुसते सोफ्याच्या रंगाशी जुळवून आणलेल्या चित्राला ते कुठून येणार?

शंकर २०२० मध्ये गेले. पद्मश्री २०२१ साली, मरणोत्तर मिळाली. आता जुन्या पानांच्या मोठ्या प्रतीही लोक घरात लावतात. ते मला पटत नाही. ती रेषा हातात धरायच्या पानासाठी ओढलेली. चारपट फुगवली की नाजूक सावल्या जाडजूड होतात आणि रंगाचे ठिपके वर येतात. लावायचेच असेल तर मूळ आकारात, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावे. आणि वेताळाचे पान वगळू नये.