फेसनाशकांचा विकास : प्रचलित मांडणीची चिकित्सा

औद्योगिक फेसनाशकांच्या विकासाचा इतिहास पाठ्यपुस्तकांतून बहुधा पदार्थांच्या क्रमाने सांगितला जातो. आरंभी केरोसीन व वनस्पतिजन्य तेले, पुढे मेदाम्लांपासूनची संयुगे आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिलिकॉन तेले. पृष्ठताण जसजसा घटला तसतशी फेसनाशकाची शक्ती वाढली, हे या मांडणीचे सार. ती सोपी आहे; परंतु अपुरी आहे.

या मांडणीचा सारा भर प्रसरण गुणांकावर आहे. सिलिकॉन तेलाचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे २१ मिलिन्यूटन, म्हणजे बहुतेक साबणद्रावणांपेक्षा कमी असतो. म्हणून ते द्रावणावर पसरते व बुडबुड्याचे पटल फुटते, असे विद्यार्थी लिहितात आणि त्यांना पूर्ण गुण मिळतात! प्रत्यक्षात निव्वळ सिलिकॉन तेल अशा द्रावणात अनेकदा निष्प्रभ ठरते. तेलाचा थेंब व हवा यांच्यामधील पाण्याचा पातळ थर फुटला नाही, तर प्रसरणाचा प्रश्नच उद्भवत नाही. हा थर भेदण्याचे कार्य तेलात मिसळलेले जलविरोधी सिलिकाचे सूक्ष्म कण करतात. पी. आर. गॅरेट यांनी संपादित केलेल्या १९९३ च्या ग्रंथात व एन. डी. डेन्कोव्ह यांच्या २००४ च्या समीक्षालेखात या कणांच्या भूमिकेचे सविस्तर विवेचन आहे. तरीही आपल्या वर्गांत कणांचा उल्लेख ‘पूरक द्रव्य’ एवढाच होतो, हे खेदजनक आहे.

मळीच्या किण्वनात वापरले जाणारे टर्की रेड ऑइल तर सल्फेटीकृत एरंडेल, म्हणजे स्वतःच पृष्ठक्रियाशील. पदार्थक्रमाच्या मांडणीत त्याला कोठे बसवावे? पेनिसिलिनच्या किण्वनात बुरशी फेसनाशक तेलच अन्न म्हणून वापरते, त्यामुळे ते पुनःपुन्हा घालावे लागते. तेथे पृष्ठताणाचा आकडा काहीच सांगत नाही.

फेसनाशकाचा प्रभाव कालांतराने का ओसरतो, याचे उत्तरही कणांपाशीच सापडते. सतत घुसळण्याने थेंबांचे विभाजन होऊन काही थेंब कणविरहित होतात, तर काहींत कणांची दाटी होते. दोन्ही प्रकारचे थेंब निरुपयोगी. साबणद्रावणाच्या दोन बाटल्या, एकीत केवळ सिलिकॉन तेल व दुसरीत सिलिकायुक्त तेल घालून, वारंवार हलवाव्यात आणि फेस विरण्यास लागणारा वेळ नोंदवावा. पदवीच्या प्रयोगशाळेत एका तासिकेत होणारा हा प्रयोग अभ्यासक्रमात समाविष्ट व्हावयास हवा.