चित्र, शिल्प आणि वस्तू : रॉशेनबर्गच्या ‘कंबाइन’ कृती

चित्र आणि शिल्प यांच्या संयोगातून सिद्ध झालेल्या जुळणीकृतींचा, म्हणजेच ‘असेम्ब्लाज’चा, उल्लेख बहुधा माध्यमांचे मिश्रण म्हणून केला जातो. हे वर्णन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. रंगविलेल्या मूर्ती प्राचीन काळापासून आढळतात; केवळ मिश्रणात नावीन्य नाही. अमेरिकन कलावंत रॉबर्ट रॉशेनबर्ग याने १९५४ पासून सुमारे दहा वर्षे ज्या ‘कंबाइन’ कृती निर्माण केल्या, त्यांचे महत्त्व त्यांनी माध्यम या कल्पनेचाच फेरविचार करावयास लावला, यात आहे.

या कृतींना पूर्वपीठिका होती. पिकासोने १९१२ मध्ये एका स्थिरचित्रात वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चिकटविले आणि चौकटीच्या जागी दोर बसविला. कुर्ट श्विटर्स याने १९१९ पासून तिकिटे, कागदाचे कपटे व लाकडाचे तुकडे यांतून आपली ‘मेर्झ’ चित्रे रचली. तथापि पिकासोचे मेणकापड खुर्चीचा आभास निर्माण करते, तर श्विटर्सचे तुकडे बहुतांशी रंग व पोत या रूपाने रचनेत विरून जातात. वस्तू येथे चित्राच्या सेवेला लागलेली असते.

रॉशेनबर्गची वस्तू अशी विरत नाही. ‘बेड’ (१९५५) या कृतीत उशी, चादर व गोधडी यांवर रंग ओतून ती भिंतीवर उभी केली आहे. गोधडीचे चौकोन अमूर्त रचना म्हणून पाहता येतात. पण हे कोणाचे तरी अंथरूण आहे, याचा विसर पडत नाही. ‘मोनोग्राम’चा (१९५५–५९) घडणक्रम अधिक उद्बोधक आहे. पेंढा भरलेला अंगोरा बोकड प्रथम भिंतीवरील चित्राला जोडलेल्या फळीवर ठेवण्यात आला. पुढे त्याच्या कमरेभोवती टायर चढवून त्याला उभ्या फलकापुढे आणण्यात आले. दोन्ही वेळा चित्र ही केवळ बोकडाची पार्श्वभूमी ठरली. अखेर फलकच जमिनीवर आडवा टाकून त्यावर बोकड उभा केला, तेव्हा कृती पूर्ण झाली. लिओ स्टाइनबर्ग या समीक्षकाने १९७२ मध्ये रॉशेनबर्गच्या चित्रपृष्ठाला छापखान्यातील यंत्राच्या सपाट बैठकीची उपमा दिली, तिचे मर्म येथे उमगते. चित्रपृष्ठ ही पाहण्याची खिडकी न राहता वस्तू मांडण्याची जागा झाली.

येथे एक आक्षेप संभवतो. क्लेमेंट ग्रीनबर्ग याने १९६० मध्ये प्रतिपादिल्याप्रमाणे प्रत्येक कला आपल्या माध्यमाच्या खास वैशिष्ट्यापर्यंत, आणि चित्रकला पृष्ठाच्या सपाटपणापर्यंत, येऊन पोचणे हेच जर आधुनिकतेचे लक्षण असेल, तर वाटेल ती वस्तू स्वीकारणारी कला निकष कोठून आणणार? आक्षेप निराधार नाही. वस्तूंचे ढीग म्हणजे रचना नव्हे. परंतु ‘मोनोग्राम’मध्ये बोकडाच्या मुखावर रंगांचे फटकारे आहेत, टायरची धाव पांढऱ्या रंगाने रंगविलेली आहे. रंगामुळे वस्तू चित्राशी बांधली जाते, आणि तरीही वस्तूच राहते. हा ताण टिकतो की नाही, हाच येथील निकष होय.

डोनल्ड जड याने १९६५ मध्ये, नव्या उत्तम कृतींपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक ना चित्र ना शिल्प अशा आहेत, असे नोंदविले. पुढे मांडणशिल्पाने हीच वाट रुंद केली. या ताणाची साक्ष अखेर कायद्यानेही दिली. ‘कॅन्यन’ (१९५९) या कृतीत पेंढा भरलेला गरुड आहे. संरक्षित पक्षी म्हणून त्याच्या विक्रीस अमेरिकेत बंदी असल्याने, मालकिणीच्या निधनानंतर वारसांच्या मूल्यमापकांनी कृतीची किंमत शून्य ठरविली, तर करखात्याने साडेसहा कोटी डॉलर. २०१२ मध्ये ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयास देण्यात येऊन वाद मिटला. कलाकृतीत येऊनही गरुड गरुडच राहिला होता.