अँजिओप्लास्टी, बायपास आणि एक फसवी टक्केवारी

हृदयाच्या धमन्या तुंबल्या की दोन उपाय सांगितले जातात. मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून बारीक नळी सरकवायची, फुग्याने अडथळा रुंदावून तेथे स्टेंट बसवायचा, ही अँजिओप्लास्टी. छाती उघडून, पायाची शीर किंवा छातीतील धमनी जोडून रक्ताला नवी वाट करून द्यायची, ही बायपास. लोक या दोहोंची तुलना जखमेच्या लांबीवरून करतात. ती अपुरी आहेच. पण शास्त्रीय म्हणून पुढे येणारी तुलनाही पारखून घ्यावी, असे आम्हांला वाटते.

२००९ साली प्रसिद्ध झालेला 'सिंटॅक्स' अभ्यास पाहा. युरोप-अमेरिकेतील १,८०० रुग्ण, मुख्य डाव्या धमनीत किंवा तिन्ही धमन्यांत अडथळे असलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली. वर्षअखेर 'अनिष्ट घटना' घडलेले रुग्ण अँजिओप्लास्टीच्या गटात १७.८ टक्के, बायपासच्या गटात १२.४ टक्के. मग बायपास सरस? हा आकडा जरा उसवून पाहू. मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि पुन्हा करावी लागलेली प्रक्रिया हे सारे त्यात एकाच मापाने मोजले आहे. (एका रुग्णाच्या दोन घटना एकदाच धरतात, म्हणून टक्क्यांची सरळ बेरीज जुळणार नाही.) पुन्हा प्रक्रिया १३.५ विरुद्ध ५.९ टक्के, फरक मुख्यतः येथून आला. पक्षाघात मात्र उलट, ०.६ विरुद्ध २.२.

हातखंब्याच्या शेतकऱ्याला दुसऱ्यांदा स्टेंटसाठी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागत असेल, तर ती फेरी लहान नव्हे. तरी पक्षाघाताने उजवा हात लुळा पडणे आणि ही फेरी, दोन्ही एकेकच गुण? शिवाय त्या अभ्यासातील पॅक्लिटॅक्सेलचे स्टेंट आता मागे पडले आहेत.

२०१२ च्या 'फ्रीडम' अभ्यासाने, १,९०० मधुमेही रुग्ण घेऊन, पुन्हा केलेली प्रक्रिया मुख्य मोजमापातून वगळली. हे आम्हांला अधिक प्रामाणिक वाटते. पाच वर्षांत मृत्यू अँजिओप्लास्टीनंतर १६.३, बायपासनंतर १०.९ टक्के, पक्षाघात २.४ विरुद्ध ५.२. म्हणजे मधुमेह्यांत बायपासचा लाभ खरा आहे आणि त्याची किंमतही खरी आहे.

लाभ का, हे वर्गात सांगायला सोपे आहे. हातखंब्याच्या तिठ्यावर एक खड्डा बुजवला तरी पुढेमागे दुसरा पडू शकतो. स्टेंट तेवढ्या जागेपुरताच. वळणरस्ता त्या सबंध टप्प्याला टाळून जातो, उद्या तेथे पडणाऱ्या खड्ड्यांसकट. मधुमेहात धमनी बहुधा लांबवर खराब असते. पण वळणरस्ताही खचतो. डॉ. मनमोहन सिंग यांच्यावर १९९० साली इंग्लंडमध्ये बायपास झाली, पुढे अँजिओप्लास्टी, आणि जानेवारी २००९ मध्ये मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या पथकाने दिल्लीत पुन्हा बायपास केली.

हे सारे सवडीने निवड करता येते अशा रुग्णांविषयी. धमनी पूर्ण बंद होऊन झटका आलेला असताना मिनिटे मोलाची असतात. तेथे बहुधा तातडीची अँजिओप्लास्टीच करतात, आणि वरील आकडे तेथे लावू नयेत.