स्वशब्दवाच्यता आणि पार्श्वसंगीत : 'कागुया'च्या निमित्ताने

रस, स्थायीभाव किंवा व्यभिचारीभाव यांचा त्यांच्याच नावाने उच्चार करणे हा मम्मटाने रसदोष मानला. काव्यापुरता मांडलेला हा विचार चित्रपटाला लावून पाहिला, तर बरेचसे पार्श्वसंगीत या दोषात मोडते. पात्राच्या डोळ्यांत पाणी येण्याआधीच व्हायोलिने रडू लागतात. शोक व्यंजित होत नाही, पुकारला जातो. ॲनिमेशनपटात तर हालचालीगणिक स्वर चिकटवण्याची जुनीच प्रथा आहे.

इसाओ ताकाहाता यांचा 'कागुया-हिमे नो मोनोगातारी' (२०१३) हा चित्रपट या संदर्भात मुद्दाम पाहावा असा आहे. बांबूत सापडलेल्या मुलीची ही प्राचीन जपानी कथा. संगीत जो हिसाइशी यांचे. नायिकेचे मनोगत संगीताने बोलून दाखवू नये, अशी दिग्दर्शकाची अपेक्षा होती. चित्रांत कागद जागोजागी कोरा राहतो, तसे येथे स्वरही थोडके येतात आणि लवकर निघून जातात.

परंतु संयत संगीत म्हणजे केवळ कमी संगीत, असे समजल्यास चित्रपटाचा शेवट कळणार नाही. चंद्रलोकीचे दूत कागुयाला न्यायला येतात. मृत्युसमयी अमिताभ बुद्ध वाद्ये वाजवणाऱ्या परिवारासह सामोरे येतात, ही जपानी बौद्ध चित्रपरंपरेतील कल्पना येथे साकारली आहे. आणि त्या ताटातुटीच्या क्षणी वाजते ते ठेक्याचे, प्रसन्न, जवळजवळ जत्रेतले वाटावे असे संगीत! याला विरोधाचा चमत्कार म्हणून बोळवण करणे सोपे आहे. पण ज्यांना दुःख ठाऊकच नाही, त्यांचे ते संगीत आहे. ते कागुयाचा उपहास करीत नाही. तिची दखलच घेत नाही.

मध्येच मुलांचे बालगीत ऐकू येते. त्याची चाल खुद्द ताकाहाता यांची. पृथ्वीची बाजू मांडणारे एवढेच काय ते स्वर. कागुया भानावर येते, पृथ्वी मलिन नाही असे सांगू लागते. तिचे बोलणे पुरे होण्याआधीच विस्मृतीचे वस्त्र तिच्यावर पडते आणि दूतांचा ठेका पुन्हा सुरू होतो. येथे वाद्यवृंदाने एक उसासा जरी टाकला असता, तरी प्रेक्षकाला शोकाचा वाटेकरी लाभला असता. तो लाभत नाही. सारा भार त्याच्यावरच येतो.

अखेरच्या श्रेयनामावलीवर काझुमी निकाइदो यांचे गीत आहे. ते गोड आहे, यात शंका नाही. पण न सांगता जे पोहोचले होते, ते हे गीत सांगून टाकते.