‘दावा केला’ आणि ‘स्पष्ट केले’: बातमीतल्या क्रियापदांविषयी

श्रोतेहो, तत्त्वज्ञानाच्या माणसाने क्रियापदांवर बोलावे हे काहींना विचित्र वाटेल. पण दुसऱ्याचे बोलणे आपण आपल्या वाक्यात कसे आणून बसवतो, हा प्रश्न व्याकरणाचा आहे तितकाच ज्ञानाचाही आहे. इंग्रजीत त्यासाठी ‘ही सेड दॅट’, ‘ही क्लेम्ड दॅट’ अशी सोय आहे, आणि तिच्यावर ढीगभर लिहिले गेले आहे. मराठीत या सोयीचे काय झाले आहे ते आज बघू. आणि जुन्नर-आंबेगावात उभे राहून बोलायचे म्हटल्यावर उदाहरण बिबट्याचेच येणार, त्याला इलाज नाही.

नमुन्याचे एक वाक्य आम्हीच बनवले आहे, पण अशी वाक्ये तुम्ही पेपरात नेहमी वाचता: ‘शेळीवर बिबट्याने हल्ला केल्याचा दावा शेतकऱ्याने केला असून, ठसे तरसाचे असल्याचे वन विभागाने स्पष्ट केले.’

आता हा शेतकरी प्रत्यक्षात काय म्हणाला असेल? ‘मी सोता डोळ्यानं पाह्यला, बिबट्याच व्हता.’ या बोलण्याचे वाक्यात काय झाले बघा. पहिल्याने ‘मी’ गेला. मग ‘डोळ्यानं’ गेले. शेवटी पाहणे हेच गेले, आणि उरला नुसता ‘दावा’.

मराठीत दुसऱ्याचे म्हणणे सांगायच्या मुख्य रीती तीन. एक, ‘तो म्हणाला की मी पाहिला’. दोन, ‘मी पाहिला असे तो म्हणाला’, किंवा बोलीत ‘पाहिला म्हणून म्हणाला’. तीन, ‘त्याने पाहिल्याचे सांगितले’. पहिल्या दोन रीतींची गंमत अशी की त्यांत ‘मी’ जिवंत राहतो. ‘तो म्हणाला की मी येतो’ यातला ‘मी’ म्हणजे तोच. इंग्रजीत ‘दॅट’ आला की ‘आय’चा ‘ही’ करावा लागतो, काळही मागे सरकवावा लागतो. मराठी तसे काही करत नाही. बोलणाऱ्याचा आवाज ती तसाच आत येऊ देते, आणि इंग्रजी शिकताना आपली पोरे नेमकी इथेच अडखळतात. जुन्या मराठीत या ‘की’च्या जागी ‘जे’ असे. ‘ऐसे बोलिले जे’ ही धाटणी बखरी वाचणाऱ्यांच्या ओळखीची आहे. शब्द बदलला तरी आवाज आतच राहिला.

तिसरी रीत मात्र वेगळी. ‘पाहिल्याचे’, ‘असल्याचे’, ‘झाल्याचे’ म्हणताना अख्खे वाक्य गोठून नाम होते. त्यात ‘मी’ला जागाच नाही, ‘मी पाहिल्याचे तो म्हणाला’ म्हटले की तो ‘मी’ बातमीदार होतो. छापील मराठीने हीच रीत सगळ्यात जास्त उचलली. आटोपशीर आहे, मथळ्यात मावते, कबूल. पण हिला ‘सांगण्यात आले’ची जोड मिळाली की सांगणारा माणूसही नाहीसा होतो. ‘परिस्थिती नियंत्रणात असल्याचे सांगण्यात आले.’ कुणी सांगितले? कुणीच नाही. वाक्य आपले आपणच आले.

आता क्रियापदाकडे वळू. पॉल आणि कॅरल किपार्स्की यांनी 1970 साली एक गोष्ट दाखवून दिली: काही क्रियापदे आपल्या पोटातल्या वाक्याचे खरेपण आधीच गृहीत धरतात, काही धरत नाहीत. हीच कसोटी मराठीला लावून बघा. ‘त्याने दावा केला, पण तो खोटा होता’ हे वाक्य कानाला मुळीच खटकत नाही. ‘त्यांनी स्पष्ट केले, पण ते खोटे होते’ मात्र खटकते. कारण जे आधीच खरे आहे, फक्त धूसर आहे, तेच स्पष्ट करता येते. म्हणजे ‘स्पष्ट केले’ लिहिणाऱ्याने निकाल देऊन टाकला, आणि तोही ठसे न बघता. उलट ‘दावा’ हा कोर्टाचा शब्द. तो वापरला की शेतकरी आपोआप वादी होतो आणि पुराव्याचे ओझे त्याच्या डोक्यावर येते.

ही वाटणी योगायोगाची नाही. अधिकारी ‘स्पष्ट करतात’, ‘निदर्शनास आणतात’, ‘माहिती देतात’. गावकरी ‘दावा करतात’, ‘आरोप करतात’, फार तर ‘व्यथा मांडतात’. वन विभागाचे म्हणणे चूक असते असे आम्ही मुळीच म्हणत नाही, पुष्कळदा तेच बरोबर असेल. पण शेळीची भरपाई पंचनाम्यावर मिळते, आणि पंचनामा व्हायच्या आधीच पेपरात एकाचे म्हणणे ‘दावा’ आणि दुसऱ्याचे ‘स्पष्ट’ होऊन बसलेले असते.

याच्या अगदी उलट प्रकार बघायचा तर नाणेघाटात चला. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. ‘या रांजणात जकात गोळा केली जात असे’, इतक्या ठामपणे सांगितले जाते की जणू सांगणारा नाक्यावर बसला होता. जवळच्या लेण्यातला ब्राह्मी लेख यज्ञांविषयी आणि दक्षिणेविषयी बोलतो. गायी, हत्ती, घोडे, कार्षापणे यांचे आकडे देतो. रांजणाची जकात ही त्यातून नव्हे, परंपरेतून आलेली गोष्ट आहे. असेलही खरी, घाट व्यापाराचा होता यात शंका नाही. पण मूळचे ‘म्हणतात की’ गळून पडले आणि ऐकीव गोष्ट वस्तुस्थिती झाली.

नैयायिकांनी यासाठी शब्द ठेवला आहे: ऐतिह्य. ‘इति ह’पासून आलेला. ज्याचा मूळ वक्ता माहीत नाही असे परंपरेने चालत आलेले वचन. ‘या वडावर यक्ष राहतो’ हे त्याचे शाळकरी उदाहरण. ऐतिह्याला त्यांनी वेगळे प्रमाण मानले नाही, ते शब्दातच घातले. आणि शब्द प्रमाण व्हायचा तर वक्ता आप्त हवा, म्हणजे वस्तू जाणणारा आणि जाणले तसे सांगणारा. वात्स्यायनाने तर हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू म्हटले आहे. आमच्या मते आजच्या संपादकांपेक्षा हा जुना भाष्यकार उदार होता! आपल्या बोलीत तर ‘म्हणे’ हा एवढासा शब्द ते सगळे काम करतो. ‘तिथं जकात घेत म्हणे.’ बोलणाऱ्याने जबाबदारी कुठपर्यंत घेतली ते लगेच कळते. छापील मराठीने हा ‘म्हणे’ गावंढळ ठरवून बाहेर ठेवला, हे आम्हाला फार मोठे नुकसान वाटते.

पेपरवाले मित्र म्हणतील, ‘सर, दावा लिहिलं नाही तर उद्या आमच्यावर प्रकरण येईल.’ त्यांची अडचण खरी आहे. पण सावधगिरीला ‘सांगितले’ पुरते, फक्त ते दोन्ही बाजूंना लावावे लागते. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले. दीडशेच्या वर माणसे मेली. गाव जागेवर नाही ही खबर बाहेर आणणाऱ्यांत एसटीचा चालक होता. त्याच्या सांगण्याला ‘दावा’ म्हणावे असे कुणालाही सुचले नाही. पुढे कारणांची चर्चा झाली. कुणी अतिवृष्टी म्हणाले, कुणी उतारावरची जमीन सपाट करण्याची कामे म्हणाले, कुणी झाडतोड. त्या वेळची कात्रणे तुमच्यापैकी कुणी ठेवली असतील तर काढा. कोणत्या कारणापुढे ‘आरोप’ आहे आणि कोणत्या कारणापुढे ‘स्पष्ट केले’ आहे, तेवढे पेन्सिलीने खुणा करून बघा.