साहेबाचे आत्मचरित्र आणि हवालदाराची लेखणी

नळदुर्गचा विषय निघाला, की मेडोज टेलरचे नाव निघतेच. १८५३ साली निजामाने हा मुलूख कंपनीच्या हवाली केला, तेव्हा तो येथे अंमलदार होता. तुळजापूरवर त्याने 'तारा' ही कादंबरी १८६३ साली लिहिली. त्याचे आत्मचरित्र मृत्यूनंतर, १८७७ साली निघाले. विद्यार्थी ते जिल्ह्याचा इतिहास म्हणून वाचतात. मी मात्र त्याच्या सुरुवातीलाच अडखळलो.

१८०८ साली लिव्हरपूलला जन्मलेला हा मुलगा १८२४ साली व्यापारी पेढीत नोकरीसाठी मुंबईला आला. पेढीत काही राम नव्हता. मग बड्या हुद्द्यावरच्या नातलगाने निजामाच्या फौजेत त्याला अधिकारपद मिळवून दिले. वय वर्षे सोळा! मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. शिफारशीचे वजन मुलाखतीच्या खोलीबाहेर बसून शिकलो. म्हणून इतरांना जे साहस दिसते, तेथे मला आधी नातलग दिसतो.

टेलर आळशी नव्हता. तो इथल्या भाषा शिकला. निजामाच्या चाकरीतला म्हणून कंपनीच्या नोकरशाहीत त्याला दुय्यम लेखले जाई. ती सल खरी आहे. पण ती उतरंडीच्या वरच्या पायऱ्यांवरची सल आहे. त्याच काळात कंपनीच्या फौजेत उभा जन्म घालवून सुभेदार झालेला देशी माणूसही कोवळ्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखालीच राही. त्याचे आत्मचरित्र कोण छापणार? कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' लागलेली नावे आहेत. पण नाव म्हणजे निवेदन नव्हे.

तरीही शिपाई मुका राहिला नाही. टेलरचे पुस्तक निघाल्यावर अकरा वर्षांनी, १८८८ साली, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी 'विटाळ विध्वंसन' प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी स्वतःच्या चाकरीच्या हकिगती सांगितल्या नाहीत. अस्पृश्यतेविषयी सवर्णांना सवाल केले. साहेबाने पेन्शनीत 'माझे जीवन' लिहिले, हवालदाराने 'आमचा' प्रश्न मांडला.

वाङ्मयाच्या इतिहासात पहिल्याला आत्मचरित्र आणि दुसऱ्याला नुसते पत्रक म्हणतात. ही वर्गवारी कोणी केली, हे विचारणे समीक्षेचे काम आहे. टेलर वाचूच नका, असे मी वर्गात सांगत नाही. दोन्ही पुस्तके एकाच बाकावर ठेवा, एवढेच सांगतो.